पिशव्या सांभाळायला आई, पळायला बाकीचे!

पाऊस सरला, दिवाळीचा फराळ संपला आणि पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली, की आपल्या छत्रपती संभाजीनगरात धावण्याचे आणि सायकलींचे दिवस सुरू होतात. डिसेंबर २०१६ मध्ये 'लोकमत'ची पहिली महामॅरेथॉन इथे झाली. तेव्हापासून हे वेड घराघरांत शिरले. आता भल्या पहाटे विद्यापीठाच्या परिसरात चालणारे, पळणारे दिसतात, तर सुटीच्या दिवशी दौलताबादच्या रस्त्यावर सायकलवाल्यांची रांग. शनिवारी सायकल आणि रविवारी दौड, असा दोन दिवसांचा जोडबेतही पुष्कळ घरी ठरतो. कुणी २१ किलोमीटर पळते, कुणी १०, कुणी ५. लहान मुले आणि आजी-आजोबा यांच्यासाठी तीनेक किलोमीटरची कौटुंबिक दौड असतेच. म्हणजे सारे घर एकदम भाग घेऊ शकेल, अशी ही एक जत्राच!

पण मैत्रिणींनो, या जत्रेत दोरीच्या अलीकडे कोण उभे असते, ते एकदा पाहा. एका हातावर तिघांचे स्वेटर, खांद्याला पिशवी, दुसऱ्या हातात फोटो काढायला मोबाइल. पहाटे साडेतीनला उठून तिने उपमा केलेला असतो, थर्मास भरलेला असतो, धाकट्याचा हरवलेला मोजा शोधून दिलेला असतो. सगळ्यांच्या छातीवर नंबर असतो, तिच्या छातीवर तेवढा नसतो.

"दिवसभर राबते की मी, आणखी व्यायाम कशाला?" हे वाक्य आपण सगळ्याच म्हणतो. राबतो यात शंका नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीत दिसले, की बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात; असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. पण ओट्याशी उभे राहून पाय दुखतात, कंबर धरते, दम मात्र वाढत नाही. सलग अर्धा तास श्वास थोडा जलद चालेल, असे काम घरात क्वचितच असते. हृदयाला नि फुप्फुसांना लागते ते नेमके हेच. आठवड्याला निदान १५० मिनिटे अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोजची वीस-बावीस मिनिटे झाली. एका मालिकेच्या भागाएवढीसुद्धा नव्हेत!

हे आपले काम नव्हे?

बाईने पळायचे म्हटले, की लोक काय म्हणतील हा धसका केवळ आपल्याकडचा नाही. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रिया ८०० मीटर धावल्या. 'बायकांना हे झेपत नाही' असा गवगवा झाला आणि पुढे १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्ये त्यांना २०० मीटरपेक्षा लांब शर्यतच नव्हती. १९६७ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्वित्झर या तरुणीने नुसती आद्याक्षरे लिहून नाव नोंदवले. ती पळत असताना एक अधिकारी अंगावर धावून आला आणि तिचा नंबर ओढू लागला. तिने तरीही शर्यत पुरी केली. स्त्रियांना त्या मॅरेथॉनचे दार रीतसर उघडले ते १९७२ मध्ये, आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली तेव्हा १९८४ साल उजाडले होते.

आपल्या महाराष्ट्रातले दाखले तर डोळ्यांपुढेच आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या आशियाई खेळांत १० हजार मीटरचे रौप्यपदक मिळवले. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या ३ हजार मीटर स्टीपलचेसमध्ये अंतिम फेरीत धावली. सायकलीचे म्हणाल, तर तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर हजारो खेडवळ बायका सायकल शिकल्या. पाणी आणायला, बाजाराला जायला त्यांना कुणाची वाट पाहावी लागेना.

आपल्याला पदक नको आहे. पण दार उघडलेले असताना आपण उंबऱ्यावरच का थांबायचे?

आठ आठवड्यांची तयारी

आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. धाप लागते ती वयामुळे नव्हे, रक्त कमी म्हणूनही असू शकते. रक्तदाब, मधुमेह, गुडघ्याचे दुखणे किंवा छातीत दुखण्याची तक्रार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये.

पहिले दोन आठवडे नुसते भरभर चाला, आठवड्यातून चार-पाच दिवस. तिसऱ्या आठवड्यापासून एक मिनिट पळा, दोन मिनिटे चाला. पुढे पळण्याचे मिनिट हळूहळू वाढवा. शेजारणीशी बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. बोलताना शब्द तुटू लागले, की चालावे. आठ आठवड्यांत ३ किलोमीटर नक्की होतात. चालत-पळत ५ सुद्धा जमतात.

बुटांवर पैसे खर्च करा, कपड्यांवर नको. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. ट्रॅकपँट आवडत नसेल तर सुती सलवार-कुडता चालेल, मात्र आतले कपडे घट्ट आधार देणारे हवेत. पाळी असेल आणि फार त्रास होत नसेल, तर पळायला हरकत नाही.

सायकलीला घरातली मुलाची सायकलही चालते. सीटवर बसून टाच खालच्या पॅडलवर टेकवली असता पाय सरळ झाला, म्हणजे उंची बरोबर. ओढणी कमरेला घट्ट बांधा, नाहीतर चेनमध्ये अडकेल. हेल्मेट आणि मागे लाल दिवा हवाच. दौलताबाद शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटर; जाऊन-येऊन तीस. सराव झाल्यावर हे अंतर छान. पुढचा खुलताबादकडचा घाट मात्र पहिल्या वेळी नको.

कामाची वाटणी

खरी अडचण पायांची नाहीच, घराची आहे. वर्षानुवर्षे आपल्या गावातल्या बायकांनी नळाला पाणी कोणत्या दिवशी, हे पाहूनच सारे बेत ठरवले आहेत. तेव्हा पाण्याची पाळी त्याच रविवारी आली, तर ते कोण भरणार हे आधी ठरवून ठेवा.

आमच्याकडे गेल्या हिवाळ्यात कागदावर नावे लिहून दाराला चिकटवली. चहा ह्यांनी करायचा, पाण्याच्या बाटल्या मुलीने भरायच्या, मुलाने सायकलींत हवा मारायची. 'या वयात हे काय?' म्हणणाऱ्या सासूबाई तीन किलोमीटर चालल्या आणि गळ्यातले पदक दुपारच्या जेवणापर्यंत काढेनात! सकाळी घरी स्वयंपाक नव्हताच. रात्रीच मटकीला मोड आलेले होते, पोहे चाळून ठेवले होते. परतल्यावर जो आधी आंघोळ करून आला, त्याने कांदा चिरला.

आणखी काही गोष्टी शनिवारीच उरका. नंबर कपड्याला पिनांनी लावून ठेवा. त्या दिवशी नवे बूट घालू नका. पळण्याआधी तासभर एक केळे किंवा गूळ-तुपाची छोटी पोळी पुरे. नंतर लिंबू-साखर-मिठाचे सरबत किंवा ताक घ्या. आणि पिशव्या? त्या ठेवण्याची सोय मैदानावर आहे का, हे नाव नोंदवतानाच विचारा. नसेल, तर पाळी लावा. एक वर्ष तुम्ही, एक वर्ष ते.

मुलांनी आईला स्वयंपाकघरात रोज पाहिलेले असते. घामाने डबडबलेली, धापा टाकणारी आणि तरी हसत रेषा ओलांडणारी आई त्यांनी एकदा पाहिली, की तिच्याविषयीचे त्यांचे मत बदलते. मुलगी तर ते आयुष्यभर विसरत नाही.

यंदा फॉर्म भरायला घ्याल, तेव्हा सगळ्यांत वर स्वतःचे नाव लिहा. बाकीची मंडळी आपोआप मागून येतील.