एक माळ वाढवली तर काय होतंय?

नेरळच्या गणेश मंडपात रोषणाई करताना आपण सहज म्हणतो, "एक माळ वाढवली तर काय होतंय?" तत्त्वज्ञानात ढिगाचं जुनं कोडं आहे: एकेक दाणा टाकत गेलो, तर ढीग नेमका कधी झाला? तिथे वाद संपत नाही. वायरीला मात्र ठरलेली मर्यादा असते.

म्हणून आपण हिशेब करू. प्रत्येक वस्तूचे वॅट लिहायचे, बेरीज करायची, २३० व्होल्टने भागायचं. साधारण अँपिअर मिळतात. ५०० वॅटचे दोन हॅलोजन, १० वॅटच्या वीस माळा, ३०० वॅटचा ध्वनिसंच: एकूण १५००. म्हणजे साडेसहा अँपिअर. ६ अँपिअरच्या सॉकेटला हे झेपणार नाही. एका हॅलोजनच्या जागी ५० वॅटचा एलईडी लावला, की साडेचारच्या आसपास येतो.

हे महत्त्वाचं का? प्रवाह दुप्पट झाला की त्याच वायरीतली उष्णता चौपट होते, आणि वर कापडी छत असतं. एमसीबी पडला तर मोठा बसवू नका, भार कमी करा. भाद्रपदात पाऊस असतोच. महावितरणची तात्पुरती जोडणी घ्या, ईएलसीबी लावा. ढीग कधी झाला हे तिथे यंत्र सांगतं, आपण ऐकायचं.