छायाचित्र मुद्रणासाठी इंकजेट प्रिंटरची निवड

कागदावर शाईचे अतिसूक्ष्म थेंब सोडून प्रतिमा उमटवणाऱ्या मुद्रणयंत्रास इंकजेट प्रिंटर म्हणतात. उच्च प्रतीच्या छायाचित्रांसाठी असा प्रिंटर निवडताना शाईचा प्रकार, रंगांची संख्या, कागद आणि छापील प्रत जेथे राहणार तेथील हवामान या बाबी निर्णायक ठरतात. हवामानाचा हा परिणाम सातारा आणि सांगली या शेजारच्या जिल्ह्यांच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी व जत हे तालुके पर्जन्यछायेत येतात.

कार्यपद्धती

औष्णिक पद्धतीत शाई क्षणभर तापवून बुडबुडा निर्माण केला जातो व त्याच्या दाबाने थेंब बाहेर पडतो. पीझो पद्धतीत विद्युतदाबाने आकार बदलणारा घटक शाई ढकलतो. दोन्ही पद्धतींनी उत्तम छायाचित्रे छापता येतात. जाहिरातीतील डीपीआय हा आकडा शाईच्या ठिपक्यांचा असतो, छायाचित्रातील पिक्सेलचा नव्हे. जवळून पाहावयाच्या प्रतीसाठी इंचाला ३०० पिक्सेल पुरेसे मानतात. त्यानुसार ८ × १२ इंचांच्या प्रतीस २,४०० × ३,६००, म्हणजे सुमारे ८६ लाख पिक्सेल लागतात.

शाई आणि कागद

डाय शाईत रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो. तिचे रंग चकचकीत कागदावर तजेलदार दिसतात. परंतु प्रकाश, हवेतील ओझोन व पाणी यांमुळे ते तुलनेने लवकर बिघडतात. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म कण तरंगत असतात. ती महाग असली तरी अधिक टिकाऊ असते, म्हणून प्रदर्शन व संग्रहासाठी तिला पसंती मिळते. आम्लरहित सुती कागदावर तिचा परिणाम विशेष चांगला येतो. घरगुती इंकटँक प्रिंटरांत बहुधा डाय शाई असते. त्यांत प्रत स्वस्त पडते.

रंगांची अचूकता

सातारा शहराजवळील कास पठाराचा २०१२ साली पश्चिम घाटातील अन्य स्थळांसह जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथील ‘सीतेची आसवे’ या फुलांचा जांभळा-निळा रंग छपाईत उतरवणे कठीण असते. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, तर शाई प्रकाश शोषून. त्यामुळे पडद्यावरील काही गडद छटा चार शायांच्या आवाक्याबाहेर राहतात. सहा ते बारा शायांच्या प्रिंटरांत फिकट छटांचे उतार अधिक मृदू येतात, आणि निळी, जांभळी वा नारिंगी अशी जादा शाई असल्यास रंगांचा आवाकाही वाढतो. कृष्णधवल छायाचित्रांसाठी करड्या शाया उपयुक्त असतात. प्रत्येक कागदासाठी योग्य रंगप्रोफाइल वापरणे आणि पडद्याचे रंग जुळवून घेणे आवश्यक असते.

हवामान आणि जतन

कोरड्या हवेत प्रिंटर बराच काळ बंद राहिल्यास शाई सुकून छिद्रे बुजतात; त्यामुळे आठवड्यातून एखादे रंगीत पान छापणे हितावह असते. दमट हवेत कागद ओलावा शोषून वाकतो व प्रत वाळण्यास वेळ लागतो. पूर्ण वाळण्यापूर्वी ती काचेच्या चौकटीत बसवू नये.

कृष्णेला ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली होती. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पूरप्रवण भागात शाईच्या निवडीला म्हणूनच वेगळे महत्त्व येते. भिजल्यावर डाय शाई पसरू शकते. पिगमेंट शाई तुलनेने तग धरते. मात्र ओल्या प्रती एकमेकींना चिकटून कोणतेही छायाचित्र नष्ट होऊ शकते. त्यामुळे मूळ डिजिटल फाइल दुसऱ्या गावी किंवा ऑनलाइन जपणे हाच खात्रीचा उपाय ठरतो.

निवडीचे निकष

वर्षाकाठी मोजक्याच प्रती लागत असल्यास कलर लॅबमधून छापून घेणे किफायतशीर असते. घरगुती अल्बम नियमित छापण्यासाठी सहा शायांचा डाय प्रिंटर पुरेसा असतो. प्रदर्शन, विक्री किंवा दीर्घकालीन संग्रहासाठी पिगमेंट शाईचा प्रिंटर योग्य मानला जातो. यंत्राच्या किमतीबरोबर शाई व कागदाचा प्रतिप्रत खर्च आणि जवळच्या शहरातील दुरुस्तीची सोय यांचाही विचार करावा लागतो.