तट नसलेला देश

‘पोलंड’ हे नाव शेतावरून आले असे मानतात. स्लाव भाषांत ‘पोले’ म्हणजे शेत, मोकळे रान. श्रोतेहो, नकाशा पाहिला की या नावाची सार्थकता पटते. उत्तरेस बाल्टिक समुद्र, दक्षिणेस कार्पेथियन पर्वत. पूर्वेस व पश्चिमेस मात्र सैन्याला अडवील असा एकही डोंगर नाही. घाटाच्या तोंडाशी मूठभर शिबंदीने मोठी फौज रोखावी, ही सह्याद्रीने आपल्याला दिलेली सोय त्या देशाच्या वाट्याला आली नाही.

याच मैदानाने त्याला वैभवही दिले. सोळाव्या शतकात तेथील धान्य विस्तुला नदीतून ग्दान्स्क बंदरी उतरे व तेथून हॉलंडला जाई. पुढे १७७२, १७९३ व १७९५ साली रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी तो देश वाटून घेतला आणि १२३ वर्षे तो नकाशावरून नाहीसा झाला. हा सारा दोष भूगोलाच्या माथी मारणे मला पटत नाही. प्रशियाही त्याच सपाटीवर वसला होता. पण त्याने खडे सैन्य उभारले. पोलंडच्या प्रतिनिधिसभेत मात्र एका सभासदाने नकार उच्चारला की सारे अधिवेशनच मोडत असे!

१९१८ साली देश पुन्हा उभा राहिला. १९३९ च्या १ सप्टेंबरला पश्चिमेकडून जर्मन सैन्य शिरले, १७ तारखेस पूर्वेकडून सोव्हिएत. पूर्वभागातील लक्षावधी लोकांना सैबेरिया व कझाकस्तानात नेण्यात आले. त्यांपैकी काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचले आणि १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतांशी स्त्रिया व मुले, कोल्हापूरजवळ वळिवड्यास राहिले. युद्ध संपले, पण परतायचे कोठे? १९४५ साली देशाची सीमाच पश्चिमेकडे सरकविण्यात आली. ल्वूव शहर सोव्हिएत युक्रेनकडे गेले, जर्मनांचे ब्रेस्लाउ पोलंडचे व्रोत्स्वाफ झाले. वळिवड्यातील बहुतेकांची गावे आता परदेशात होती.

पोलंड १९९९ साली नाटोत व २००४ साली युरोपीय संघात सामील झाला. २०२२ साली रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केल्यापासून युक्रेनला मिळालेल्या पाश्चात्त्य लष्करी मदतीचा मोठा भाग याच सपाटीवरून, झेशूफ शहरामार्गे गेला. आणि २०२४ साली पोलंडने आपल्या पूर्व सीमेवर खंदक, अडथळे व टेहळणीची ठाणी उभारण्याची योजना जाहीर केली. तिचे नाव ‘पूर्वेची ढाल’.