मीटर : एका वेलांटीची गोष्ट

रस्त्याच्या कडेच्या फलकावर ‘पूल २०० मि.’ असें लिहिलेलें असलें, तर गाडी हांकणाऱ्यानें काय समजावें? मि. हें मिनिटाचें संक्षिप्त रूप. मीटराचें रूप मी. असें दीर्घ लिहावयास पाहिजे. एका वेलांटीनें अंतराचा काळ होतो. मि.मी. ह्या रूपांत तर दोन्ही अक्षरें शेजारींच उभीं असतात : ऱ्हस्व मि हें सहस्रांश दाखविणाऱ्या ‘मिलि’चें, आणि दीर्घ मी खुद्द मीटराचें.

‘मिटर’ लिहिणारा विद्यार्थी पुष्कळदां नियमाकडे बोट दाखवितो. गरीब, वकील ह्यांसारख्या शब्दांत शेवटून दुसरें अक्षर दीर्घ असतें, हें त्यास ठाऊक असतें. परंतु मीटर शब्दांत शेवटून दुसरें अक्षर ट आहे. तेथें हा नियम उपयोगी पडत नाहीं. येथें कान हेंच प्रमाण. उच्चार लांब, म्हणून वेलांटी दुसरी.

शब्दाचें मूळ ग्रीक ‘मेट्रॉन’, म्हणजे माप. संस्कृतांतील ‘मा’ धातू, व त्यापासून झालेले मान, मात्रा हे शब्द त्याच प्राचीन कुळांतले. तेव्हां हा पाहुणा अगदींच परका नव्हे.

फ्रान्समध्यें १७९१ सालीं असें ठरलें कीं, उत्तरध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश म्हणजे एक मीटर. राजाच्या हाताचें वा पायाचें माप नको, पृथ्वीचें असावें, हा त्यांतील हेतु. दलांब्र व मेशें ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतची रेषा मोजण्यास १७९२ त आरंभ केला. क्रांतीच्या धामधुमींत त्या कामास सुमारें सहा वर्षें लागलीं. इतकें करूनही १७९९ ची प्लॅटिनमची पट्टी ठरल्या मापाहून सुमारें ०.२ मि.मी. आंखूडच निघाली! तीच पुढें जगानें पतकरली. १९६० सालीं पट्टीही गेली. १९८३ पासून निर्वात पोकळींत प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागांत जेवढें अंतर कापतो, तेवढा मीटर. भारतांत हें माप १९५६ च्या कायद्यानें आलें. वार व गज हळूहळू मागें पडले.

ब्रिटिश इंग्रजींत लांबीच्या मीटराच्या शेवटीं आधीं आर व मग ई येतो, आणि मोजणाऱ्या यंत्राच्या नांवांत ह्याच्या उलट. अमेरिकेंत दोहोंसही यंत्राचेंच रूप चालतें. तेव्हां मुलाच्या वहींत तें दिसतांच तांबडी रेघ ओढणें बरें नव्हे. मराठींत विजेचा मीटर आणि कापडाचा मीटर एकाच रीतीनें लिहितात, आणि त्यामुळें कोणा कापडवाल्याची अडचण झालेली नाहीं.