दोन देश, दोन शाळा आणि एक सामाईक काम

दोन वेगवेगळ्या देशांतल्या शाळा ठरवून एकमेकींशी नाते जोडतात आणि शिकण्या-शिकवण्याचे काही काम वर्षानुवर्षे मिळून करतात, तेव्हा त्याला आंतरराष्ट्रीय शालेय भागीदारी म्हणतात. पत्रमैत्री, व्हिडिओ कॉल, पाहुण्या शिक्षकांची भेट, परक्या देशाचा सण शाळेत साजरा करणे हे सगळे त्यात येऊ शकते, पण एवढ्याने भागीदारी होत नाही. काम दोन्हीकडच्या शिक्षकांनी मिळून आखलेले असावे लागते, ते वर्गातल्या अभ्यासाला धरून असावे लागते आणि त्यातून दोन्हीकडच्या मुलांच्या पदरात काही पडावे लागते.

या पद्धतीचे एक मूळ फ्रान्समध्ये आहे. सेलेस्तँ फ्रेने हे शिक्षक पहिल्या महायुद्धात जखमी झाले होते. फुप्फुसांना झालेल्या इजेमुळे त्यांना वर्गात फार वेळ बोलता येत नसे. दक्षिण फ्रान्समधल्या बार-स्यूर-लू या डोंगरगावच्या शाळेत त्यांनी छोटे छपाईयंत्र आणले. मुले आपले लेखन स्वतः खिळे जुळवून छापू लागली. १९२६ मध्ये त्यांनी ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेशी या छापील पानांची नियमित देवाणघेवाण सुरू केली. दोन्ही शाळा एकाच देशातल्या होत्या, तरी समुद्रकाठच्या मुलांचे जग डोंगरातल्या मुलांना पूर्ण नवे होते. वाचणारे खरोखर कोणीतरी आहे म्हटल्यावर मूल मन लावून लिहिते, ही गोष्ट फ्रेने यांनी हेरली. पुढे देशांच्या सीमा ओलांडून गेलेल्या सगळ्या चांगल्या उपक्रमांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कामाला संस्थांचे पाठबळ मिळाले. युनेस्कोने १९५३ मध्ये १५ देशांतल्या ३३ शाळांना घेऊन सहयोगी शाळांचे जाळे उभारले. आज त्यात बारा हजारांच्या आसपास शाळा आहेत. तीन पिढ्या एकमेकांशी लढलेल्या फ्रान्स आणि जर्मनीने जानेवारी १९६३ मध्ये एलिझे करार केला आणि त्याच वर्षी दोन्ही देशांचे मिळून एक युवक कार्यालय स्थापन झाले. शाळाशाळांमधल्या भेटींसह या कार्यालयाच्या कार्यक्रमांत आजवर ९० लाखांहून अधिक तरुणांनी भाग घेतला आहे. शीतयुद्ध अजून संपले नव्हते, तेव्हा १९८८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या आणि मॉस्कोतल्या शाळा संगणकाने जोडल्या गेल्या. त्यातून ‘आयअर्न’ हे जाळे उभे राहिले आणि आता ते शंभरावर देशांत पसरले आहे. युरोपीय आयोगाने २००५ मध्ये ‘ई-ट्विनिंग’ सुरू केले. तिथे दोन देशांतले शिक्षक एकत्र येऊन प्रकल्प नोंदवतात आणि मुलांना बाहेरच्या कोणाला दिसणार नाही अशी कामाची जागा मिळते. आजवर दहा लाखांहून अधिक शिक्षकांनी तिथे नाव नोंदवले आहे.

हे सारे युरोपात तुलनेने सोपे होते, कारण दोन्ही शाळांची ऐपत साधारण सारखी होती. एक शाळा श्रीमंत देशातली आणि दुसरी गरीब देशातली असली, की खरी अडचण सुरू होते. ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याने २००३ पासून सुमारे दशकभर ब्रिटनमधल्या शाळांना आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवरच्या शाळांशी जोडणारा कार्यक्रम चालवला. शिक्षकांना एकमेकांच्या शाळेत जाऊन येण्यासाठी अनुदान मिळत असे. अशा जोड्यांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडताना दिसली. ब्रिटिश मुले केक विकून पैसे जमवत, वह्या-पेन्सिली आणि जुने संगणक पाठवत. तिकडची मुले आभाराची पत्रे लिहीत. हेतू चांगलाच होता. पण त्यातून देणारी मुले एवढेच शिकत, की तिकडे काही नाही. आणि घेणारी मुले शिकत, की आपल्याकडे देण्यासारखे काही नाही. शिक्षणाच्या दृष्टीने याहून मोठे नुकसान नाही. म्हणूनच नाते शिकण्यावर उभे राहावे, निधी गोळा करण्यावर नाही, असा आग्रह या क्षेत्रातली जाणती माणसे धरतात, आणि तो योग्यच आहे.

भारतीय शाळांसाठी पैशाच्या बाबतीत कायद्याचीही अडचण आहे. परदेशी अंशदान विनियमन कायदा २०१० नुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना शाळेला किंवा तिच्या संस्थेला परदेशातून देणगी घेता येत नाही. भागीदार शाळेने प्रेमाने पाठवलेली रक्कमही याला अपवाद नाही. त्यामुळे पैशाचा विषय निघण्याआधीच दोन्ही मुख्याध्यापकांनी याबद्दल स्पष्ट बोलून घेतलेले बरे.

मग बरोबरीचे नाते जमते कशाने? ज्या प्रश्नाचे उत्तर एकट्या शाळेला काढताच येत नाही, असा प्रश्न हाती घ्यावा. याचे सुंदर उदाहरण इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले आहे. इराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने अलेक्झांड्रिया आणि सायीनी, म्हणजे आजचे आस्वान, या दोन ठिकाणच्या मध्यान्हीच्या उन्हाची तुलना करून पृथ्वीचा परीघ काढला होता. आज जगभरच्या शाळा जोडीजोडीने हाच प्रयोग करतात. लागते फार थोडे: एक मीटर लांबीची सरळ काठी, ओळंबा, मोजपट्टी आणि मोकळे मैदान.

मुंबई आणि उझबेकिस्तानची राजधानी ताश्कंद ही जोडी घेऊ. दोन्ही शहरांच्या रेखांशात फारसा फरक नाही, अक्षांशात मात्र मोठा आहे. २० किंवा २१ मार्चला, दिवस-रात्र समान असताना, दोन्हीकडची मुले काठी जमिनीत उभी रोवतात, ओळंब्याने ती सरळ आहे ना ते पाहतात आणि सावलीच्या टोकाशी दर पाच मिनिटांनी खूण करत जातात. सगळ्यांत आखूड सावली हवी असते. घड्याळात बारा वाजले की ती पडेल असे मुलांना वाटते, पण मुंबईत ती पडते पावणेएकच्या सुमारास, कारण भारताची प्रमाणवेळ मुंबईच्या बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावर ठरलेली आहे. हा शोध मुलांना मैदानातच लागतो. मुंबईत सावली साधारण ३४.६ सेंटिमीटर भरते, ताश्कंदला जवळजवळ ८८. त्यावरून सूर्य डोक्यावरून किती अंश कलला आहे ते काढता येते: मुंबईत १९.१, ताश्कंदला ४१.३. फरक २२.२ अंशांचा. दोन शहरांमधले उत्तर-दक्षिण अंतर सुमारे २,४७० किलोमीटर आहे. २२.२ अंशांना इतके अंतर, तर ३६० अंशांना किती, हे त्रैराशिक मांडले की उत्तर येते सुमारे ४०,०५०. ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा खरा परीघ ४०,००८ किलोमीटर आहे.

अर्थात मुलांच्या हातून इतके नेमके आकडे येत नाहीत. मुंबईच्या सावलीत एका सेंटिमीटरची चूक झाली, तर परिघात नऊशेहून अधिक किलोमीटरांचा फरक पडतो. भागीदारीचे खरे काम इथेच सुरू होते. उत्तर चुकले तर चूक कोणाच्या मोजण्यात आहे, काठी तिरपी होती का, मैदान उताराचे होते का, हे दोन्ही वर्गांना एकमेकांना विचारावे लागते आणि आपली वही उघडून दाखवावी लागते. इथे कोणी दाता नाही आणि कोणी याचक नाही. मार्च महिना परीक्षांचा, म्हणून महाराष्ट्रातल्या शाळांना अडचण वाटत असेल, तर डिसेंबर किंवा जानेवारीतला कोणताही निरभ्र दिवस चालतो. दोघांनी एकाच तारखेला मोजले, की दोन कोनांमधला फरक तोच राहतो.

प्राथमिक वर्गांसाठी ‘आयअर्न’चा टेडी बेअर प्रकल्प फार चांगला आहे. दोन वर्ग एकमेकांना टपालाने खेळण्यातले एक अस्वल किंवा दुसरे खेळणे पाठवतात. आलेला पाहुणा रोज एका मुलाच्या घरी मुक्कामाला जातो आणि ते मूल पाहुण्याच्या वतीने रोजनिशी लिहिते: आज काय खाल्ले, बस कशी होती, आजीने काय सांगितले. रोजचेच घर एका परक्याच्या नजरेने पाहून शब्दांत मांडायचे असल्यामुळे मूल भाषा वापरायला शिकते. पार्सल पाठवताना मात्र एक पथ्य पाळायला हवे. बिया, माती, रोपे अशा वस्तू मुलांना पाठवाव्याशा वाटतात, पण वनस्पतींचे रोग पसरू नयेत म्हणून जवळजवळ सर्वच देशांत त्यांवर निर्बंध आहेत. वाळवून चिकटवलेल्या पानाऐवजी त्या पानाचे चित्र पाठवावे.

सगळ्या जोड्या मित्रराष्ट्रांतच जमतात असे नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, तो मुख्यतः पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडसाठी, असा अनेकांचा समज आहे. त्यांच्या कामाचा दुसरा भाग ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ हा उपक्रम आहे. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन, इराक-इराण, अमेरिका-उत्तर कोरिया अशा ताणलेल्या संबंधांच्या देशांतल्या मुलांच्या जोड्या लावून त्यांना सहा आठवडे एकमेकांशी बोलते करायचे, अशी त्याची रचना. आठ देशांतले १९ हजार विद्यार्थी त्यात सामील झाले. गावातल्या छोट्या शाळेलाही हे काम झेपते, याचा याहून चांगला दाखला महाराष्ट्राला शोधावा लागणार नाही.

जोडी जमली, तरी बहुतेक वेळा घोडे अडते ते वेळापत्रकावर. महाराष्ट्रातले शालेय वर्ष जूनमध्ये सुरू होते, ब्रिटनमधले सप्टेंबरमध्ये, जपानमधले एप्रिलमध्ये आणि ऑस्ट्रेलियातले जानेवारीच्या अखेरीस. इकडे दिवाळीची सुट्टी, तिकडे नाताळची. ब्रिटनमधल्या शाळेबरोबर सलग काम करायचे, तर दिवाळीनंतरचे आठवडे आणि जानेवारी-फेब्रुवारी हा काळ बरा पडतो. घड्याळाचा हिशेबही करावा लागतो. हिवाळ्यात ब्रिटन भारताच्या साडेपाच तास मागे असते. तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे अडीच वाजलेले असतात, त्यामुळे दुपारच्या शाळेला दोन-अडीच तास मिळतात आणि सकाळच्या शाळेला काहीच नाही. न्यूयॉर्कशी तर शाळेच्या वेळा जुळतच नाहीत. अशा वेळी थेट संवादाचा हट्ट सोडावा आणि ध्वनिमुद्रण, पत्रे, चित्रे यांवर काम चालवावे. त्यात मुलांना विचार करून उत्तर द्यायला वेळही मिळतो.

भाषेचा बाऊ करू नये. दोन्हीकडची इंग्रजी कच्ची असली, तरी आकडे, नकाशे, चित्रे, पावसाच्या नोंदी यांवर काम उत्तम होते. इंग्रजी पक्की असलेल्या शाळेने सगळा कारभार आपल्या हाती घेऊ नये, एवढी काळजी घेतली म्हणजे झाले. मुलांनी आधी आपल्या भाषेत लिहावे, मग शिक्षकांच्या मदतीने भाषांतर करावे, म्हणजे मराठीतला मजकूरही दुसऱ्या शाळेच्या भिंतीवर लागतो.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत कसलीही ढिलाई चालत नाही. पूर्ण नाव, घरचा पत्ता, फोन नंबर देऊ नयेत. पत्रव्यवहार शाळेच्या नावाने व्हावा. छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीनंतरच पाठवावीत. युरोपात २०१८ पासून लागू झालेल्या माहिती संरक्षण नियमांत आणि भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. वयाची मर्यादा मात्र वेगळी आहे. भारतात ती १८ वर्षे आहे, युरोपात देशागणिक १३ ते १६. दोन्हींपैकी जो नियम कडक असेल तो पाळावा.

या सगळ्या गोष्टी पहिल्याच महिन्यात कागदावर याव्यात. दोन पानांचे करारपत्र पुरते. कोणते वर्ग, कोणता विषय, किती काळ, निरोपाला किती दिवसांत उत्तर द्यायचे, काही बिनसले तर कोणाशी बोलायचे, एवढे त्यात असावे. बहुतेक भागीदाऱ्या भांडणाने मोडत नाहीत. उत्साही शिक्षकाची बदली होते, मेलचा पासवर्ड त्याच्याबरोबर जातो आणि पलीकडची शाळा महिनोन्महिने उत्तराची वाट पाहत राहते. म्हणून प्रत्येक बाजूला किमान दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक या कामात असावेत, आणि शाळा व्यवस्थापन समितीला त्याची माहिती असावी. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शिक्षक बदलले तरी पालक गावातच राहतात. इंग्लंडमधले मार्लबरो हे गाव आणि गांबियातले गुंजूर यांचे नाते १९८२ पासून आहे. ते एका शिक्षकावर नाही, दोन्ही गावांवर उभे आहे.

प्रत्यक्ष भेटी सगळ्यांत शेवटी. त्या खर्चाच्या असतात आणि कोण जाणार यावरून शाळेत नाराजी होते. ज्यांना परवडते तीच मुले गेली, तर बरोबरीचे सगळे बोलणे फोल ठरते. विद्यार्थ्यांआधी दोन शिक्षकांनी जाऊन येणे अधिक उपयोगी पडते. त्यांनी तिथल्या वर्गात बसून पाहावे, शिकवूनही पाहावे. आणि इकडून कोणी गेले, तर तिकडूनही कोणी यायलाच हवे.

काही जोड्या दोन-तीन वर्षांनी थांबतात, त्यात वावगे काही नाही. थांबायचे ठरले, तर मुलांना कारण सांगावे, दोन्ही वर्गांचे काम एकत्र करून त्याच्या प्रती दोन्ही ग्रंथालयांत ठेवाव्यात, मुलांची छायाचित्रे आणि माहिती दोन्हीकडच्या संगणकांतून पुसून टाकावी आणि तसे एकमेकांना लेखी कळवावे.