दोन गडी म्हणजे दोन जीव नव्हेत

टॅग-टीमच्या मारामारीच्या गेममध्ये दोन गडी निवडायला मिळतात, म्हणून दोन जीव मिळाले असे नवे खेळाडू धरून चालतात. समज स्वाभाविक आहे, पण नाम्को कंपनीच्या ‘टेकन टॅग टूर्नामेंट’मध्ये तो महागात पडतो. हा गेम १९९९मध्ये आर्केडवर (नाणे टाकून खेळायचे यंत्र) आणि २०००मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. यात दोघांपैकी एकाचीही ताकद संपली की फेरी गेलीच. मौद्याकडे धानाच्या बांधीत चिखलणी चालू असताना एक बैल बसला, की दुसरा कितीही ताजा असो, औत थांबते, तसेच हे.

मग दुसरा गडी कशाला? टॅग (साथीदाराशी अदलाबदल) केला की बाहेर गेलेल्याची गमावलेली ताकद थोडीथोडी भरून येते. म्हणून ताकदीची पट्टी अर्धी होण्याआधीच बदली करावी. मात्र आत येणारा क्षणभर उघडा पडतो. समोरचा हाताशी असताना बटण दाबणे म्हणजे आयता मार खाणे. जोडीही विचारपूर्वक निवडावी. जग्वारचा मुखवटा घालणारा पैलवान किंग आणि त्याचा साथीदार आर्मर किंग यांना मिळून मारायच्या खास पकडी आहेत, आणि त्या बघण्यासारख्या आहेत.

‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम’मध्ये (१९९८) मात्र दोघेही पडेपर्यंत लढत चालते. ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ तर टॅगचा गेमच नव्हे: तिथे तिघे ठरल्या क्रमाने उतरतात, मध्येच बदली नाही.