पुणे एफसी: आठ वर्षांचा क्लब

२००९-१० च्या आय-लीगचा गुणतक्ता आज सहसा कुणी काढून बघत नाही. बघायला हवा. पहिला धेंपो, दुसरा चर्चिल ब्रदर्स, दोघेही गोव्याचे. तिसरा पुणे एफसी. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, दोघेही खाली. देशाच्या सर्वोच्च लीगमधला पुण्याचा तो पहिलाच हंगाम होता आणि क्लबला जेमतेम तीन वर्षं होत होती. कोलकात्याच्या ज्या संघांना शंभर वर्षांच्या आसपासची परंपरा आणि लाखांचा पाठीराखा वर्ग, त्यांच्या वर पुण्याचं नाव लागलं. पुण्यात त्याची म्हणावी तशी नोंद झाली नाही. या क्लबबद्दल लिहावंसं वाटतं ते म्हणूनच.

१९९६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या जागी २००७ मध्ये आय-लीग आली. तोवर वरच्या पातळीवरचा फुटबॉल मुख्यतः गोवा आणि कोलकात्याचा होता. महाराष्ट्राकडून मुंबईचे महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडिया खेळत. फुटबॉल महासंघाला लीग नव्या शहरांत न्यायची होती आणि उद्योगसमूहांनी क्लब काढावेत अशी अपेक्षा होती. त्या हाकेला ज्यांनी ओ दिली त्यांत अशोक पिरामल समूह होता. पेनिन्सुला लँड आणि मोरारजी टेक्सटाइल्स या त्यांच्या कंपन्या. घरातला धाकटा मुलगा नंदन पिरामल याने क्लबची सूत्रं हातात घेतली आणि २००७ मध्ये पुणे फुटबॉल क्लब स्थापन झाला. मुंबई एफसी त्याच वर्षीचा.

पुणं फुटबॉलला अनोळखी नव्हतं. लष्करामुळे कॅम्पात आणि खडकीत हा खेळ इंग्रजांच्या काळापासून आहे. इकडे मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स चषक सुरू झाला, तेव्हा तो पलटणींचाच खेळ होता. पुढे शाळा, कॉलेजं, जिल्हा संघटनेची लीग अशी त्याची वाट गेली. खेळणारी पोरं होती, संघही होते. मात्र फुटबॉल हीच उपजीविका करून पुण्यात राहावं, अशी सोय कुठे नव्हती.

आपल्याकडचा चांगला फुटबॉलपटू कित्येक पिढ्या ‘कंपनीच्या टीम’कडून खेळत आला. महिंद्रा, एअर इंडिया, बँका, रेल्वे, पोलीस. खेळाडू कोट्यातून नोकरी लागायची, हंगाम चालू असला की मैदानावर, नसला की टेबलावर. पगार, प्रॉव्हिडंट फंड, निवृत्तीनंतरची सोय. घरच्यांना खेळ पटत नसला तरी नोकरी पटायची, आणि मराठी घरांत तर त्या एका शब्दावर बरंच काही माफ होतं. नव्या क्लबांनी ही व्यवस्था मोडली. खेळाडू क्लबचा नोकर नव्हे, करारबद्ध व्यावसायिक. एक-दोन वर्षांचा करार, ठरलेली रक्कम, वर्षभर सराव, आहार, उपचार, राहण्याची सोय. करार संपला की पुढचं ज्याचं त्याने बघायचं. वीस-बावीस वर्षांच्या मुलाने असा करार स्वीकारणं म्हणजे घरी एक मोठं भांडण. त्या मुलांनी ते जोखमीचं पाऊल उचललं, यातलं धाडस मला मालकांच्या गुंतवणुकीइतकंच मोठं वाटतं.

वर यायची वाट दुसऱ्या श्रेणीतून होती. पैसे भरून थेट वरच्या लीगमध्ये जागा मिळण्याचा प्रकार तेव्हा नव्हता. छोट्या गटांत, लांबलांबच्या मैदानांवर, थोड्या दिवसांत लागोपाठ सामने खेळायचे आणि गुण जमवायचे. मुंबई एफसी २००८ मध्ये वर गेला. पुण्याने २००९ मध्ये ते साधलं, शिलाँग लाजाँग, व्हिवा केरळ आणि साळगावकर यांच्यासोबत. एका वेळी चार संघ वर आले आणि वरची लीग चौदा संघांची झाली. म्हणजे प्रत्येकाला सव्वीस सामने, तेरा घरी आणि तेरा बाहेर.

वरच्या श्रेणीसाठी क्लबने प्रशिक्षक नेमला तो डेरिक परेरा. गोव्याचा, भारताकडून बचावफळीत खेळलेला, आणि २००५-०६ मध्ये महिंद्रा युनायटेडला राष्ट्रीय लीगचं विजेतेपद मिळवून देणारा. मुंबईला ते विजेतेपद प्रथमच मिळत होतं. पुण्याने त्याच्याकडे संघ दिला आणि २०१३ पर्यंत त्याच्याकडेच ठेवला. आपल्या फुटबॉलमध्ये तीन पराभव झाले की प्रशिक्षकाची पिशवी भरली जाते. चार हंगाम एकाच माणसावर भिस्त ठेवणं हा त्या क्लबने घेतलेला सर्वांत शहाणा निर्णय होता, असं माझं मत आहे.

संघ कष्टाळू होता, चमकदार नव्हता. मागे भक्कम, आणि सोबतीला परदेशी खेळाडू. आयव्हरी कोस्टचा पिएर दुहू, नायजेरियाचा चिका वाली, गिनीचा मांजू केइता. भारतीय खेळाडूंपैकी मिझोरमच्या जेजे लालपेखलुआने कारकिर्दीच्या सुरुवातीला हीच लाल जर्सी घातली. नंतर मलप्पुरमचा अनस एडाथोडिका आला आणि क्लबच्या अखेरपर्यंत बचावफळीत राहिला. भारतीय संघाचं दार त्याच्यासाठी बऱ्याच उशिरा उघडलं, पण ज्यांनी त्याला बालेवाडीत पाहिलं होतं त्यांना त्याची निवड आश्चर्याची वाटली नसणार.

दोघांबद्दल जरा थांबून सांगायला हवं. एक अराता इझुमी. जन्म जपानमधल्या शिमोनोसेकीचा, वडील गुजराती वंशाचे, आई जपानी. ईस्ट बंगाल आणि महिंद्रा युनायटेड करून तो २००९ मध्ये पुण्यात आला. मधल्या फळीत न थकता धावणारा, चेंडू वाया न घालवणारा खेळाडू. भारताकडून खेळायचं तर भारताचं नागरिकत्व हवं, आणि भारताचा कायदा दोन पासपोर्ट ठेवू देत नाही. म्हणून त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं. भारतीय कागदपत्रांवर त्याचं नाव नीलकंठ खंभोळजा. फेब्रुवारी २०१३ मध्ये कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध तो भारताकडून उतरला, तेव्हा तो पुणे एफसीचा खेळाडू होता. आशियातल्या सर्वांत पुढारलेल्या फुटबॉल देशाचा पासपोर्ट भारतासाठी सोडणं ही साधी गोष्ट नव्हे.

दुसरा सुब्रत पाल. जानेवारी २०११ मध्ये भारत आशियाई चषकासाठी दोहाला गेला. ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहारिनकडून २-५, दक्षिण कोरियाकडून १-४. आकडे वाईट आहेत. पण ते सामने पाहिलेल्यांना गोलपोस्टमधला सुब्रत आठवतो. अंगावर येणारे फटके तो एकामागून एक अडवत होता, आणि परदेशी समालोचकही त्याचंच नाव घेत होते. त्याच्या नावापुढे कंसात क्लब लिहिला होता पुणे एफसी.

घरचं मैदान म्हणजे बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं. गवत उत्तम, प्रकाशझोतांची सोय. पण मैदानाभोवती धावपट्टी, त्यामुळे प्रेक्षक खेळापासून दूर. आणि मैदान शहरापासून दूर. हडपसरहून किंवा बिबवेवाडीहून कामाच्या दिवशी सामन्याला निघालेला माणूस महामार्गावरच्या गर्दीतून पोचेपर्यंत पूर्वार्ध संपत आलेला असे. क्लबने शाळाशाळांत जाऊन मुलं गोळा केली. ढोल घेऊन येणारा, प्रत्येक सामन्याला हजर असणारा एक जथा तयार झाला. तो निष्ठावान होता, पण लहान होता. तीस लाखांवर वस्तीच्या शहरात हे फार थोडं होतं, आणि याचा दोष मी क्लबला देत नाही.

पहिल्या हंगामानंतरचे दोन हंगाम मधल्या क्रमांकांत गेले. २०१२-१३ चा हंगाम मात्र क्लबच्या आयुष्यातला सर्वांत मोठा. दक्षिण सुदानचा जेम्स मोगा आघाडीला आला. त्याचा देश २०११ मध्ये स्वतंत्र झालेला, आणि २०१२ मध्ये युगांडाविरुद्ध त्या देशाच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात गोल करणाऱ्यांत तो होता. लायबेरियाचा बोइमा कारपेही त्या संघात होता. चर्चिल ब्रदर्सने लीग जिंकली आणि पुणे उपविजेता ठरला. महिंद्रा युनायटेड २०१० मध्येच बंद झाला होता. पुण्याच्या त्या हंगामानंतर आय-लीगच्या विजेतेपदाच्या इतक्या जवळ महाराष्ट्रातला कुठलाही संघ गेला नाही.

त्या क्रमांकामुळे आशियाचं दार उघडलं. २०१४ च्या सुरुवातीला एएफसी चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यात पुणे हनोईला जाऊन ०-३ हरला. मग एएफसी चषकात हाँगकाँगचा कित्ची, सिंगापूरचा टॅम्पिनीस रोव्हर्स आणि म्यानमारचा नेप्यिडॉ असे संघ गटात आले आणि बालेवाडीला खेळून गेले. बाद फेरी गाठता आली नाही. परेरा तोवर साळगावकरकडे गेला होता आणि नेदरलँड्सचा माइक स्नोई प्रशिक्षक होता.

या क्लबचं सर्वांत टिकाऊ काम मात्र बालेवाडीत झालं नाही. ते झालं द्रुतगती मार्गाच्या तोंडाशी असलेल्या मामुर्डीत. तिथे २०११ मध्ये निवासी अकादमी सुरू झाली. मुलं तिथेच राहायची, शाळेत जायची, सकाळ-संध्याकाळ सराव करायची. या मुलांनी देशपातळीवरची वीस वर्षांखालील लीग जिंकली. भारतीय संघात पोचलेला मलप्पुरमचा आशिक कुरुनियन याच अकादमीत घडला. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत वाढला आणि या अकादमीचंही पाणी प्यायला. क्लबच्या यशाचं मोजमाप करायचं तर मी गुणतक्त्याच्या आधी ही नावं धरीन.

मग असा क्लब बंद का पडला? खेळ कमी पडला म्हणून नव्हे. डिसेंबर २०१० मध्ये फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, सातशे कोटी रुपयांचा करार केला. क्लबांना वाटलं, आता आय-लीगचे दिवस पालटतील, टीव्हीवर सामने दिसतील, जाहिरातदार येतील. झालं वेगळंच. त्या करारातून नवी स्पर्धा उभी राहिली, इंडियन सुपर लीग. ऑक्टोबर २०१४ मध्ये ती सुरू झाली आणि पुण्यालाच नवा संघ मिळाला, एफसी पुणे सिटी. मैदान तेच, बालेवाडीचं. इकडे सिनेतारे, आतषबाजी, रोज टीव्ही. तिकडे आय-लीगचा क्लब सात वर्षं खर्च करून बसलेला. लीगमधून येणारं उत्पन्न नगण्य, आणि पुढे सर्वोच्च लीग कुठली असणार हेही कुणी सांगेना. आय-लीगच्या क्लबांनी संघटना करून बाजू मांडली, ती ऐकली गेली नाही.

शेवटच्या हंगामातही संघाने मान टाकली नाही. मोरोक्कोचा करीम बेंचरिफा प्रशिक्षक, ड्युरँड चषकाची अंतिम फेरी गाठली, तिथे साळगावकरकडून पराभव. २०१५ च्या मोसमानंतर पिरामल समूहाने क्लब विकायला काढला. घेणारा मिळाला नाही. अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली, खेळाडू पांगले, पुणे एफसी संपला. त्याच वर्षी पुण्याचाच भारत एफसी एका हंगामात गुंडाळला गेला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीग खेळून २०१७ मध्ये थांबला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. एका दशकात एका शहरातले चार व्यावसायिक क्लब गेले. तेव्हापासून देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये पुण्याचा संघ नाही.

इथे कोल्हापूरकडे बघावंसं वाटतं. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर यांचे सामने असले की पेठा ओस पडतात. कुठल्याही उद्योगसमूहाने हे संघ काढलेले नाहीत आणि कुठल्याही करारामुळे ते बंद पडत नाहीत. वर्गणी गल्लीतून येते, भांडणंही गल्लीतून येतात. त्या फुटबॉलच्या मर्यादा उघड आहेत: राष्ट्रीय लीगपर्यंत त्यातला एकही संघ पोचला नाही, आणि हुल्लडबाजीने कित्येक सामने बिघडले. पण तिथे संघ हरला तर घरं हळहळतात. पुणे एफसीकडे प्रशिक्षक, अकादमी, शिस्त, पैसा सगळं होतं. हळहळणारी पेठ नव्हती. ती आठ वर्षांत उभी राहत नाही. तिला पंचवीस लागतात, आणि ती वर्षं क्लबला मिळाली नाहीत.

२००९ मध्ये पुण्याने जी वाट वापरली, खालच्या श्रेणीतून जिंकून वर जायची, ती सुपर लीगने कित्येक वर्षं बंदच ठेवली होती. २०२३ मध्ये पंजाबचा संघ आय-लीग जिंकून वर गेला आणि ती उघडली. पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग त्याच वाटेने गेला. पुण्यासाठीही ती वाट आज आहे. तिच्यावर पाऊल टाकणारा क्लब कुणी काढला, तर त्याने शहराच्या मध्यात मैदान मागावं आणि महापालिकेने ते द्यावं. आणि आपण पुणेकरांनी त्याच्या पहिल्या सामन्याला तिकीट काढून जावं, तो हरला तर पुढच्यालाही जावं.